न हलणारी पाच घरं

राजुऱ्याहून जिवतीच्या वाटेला लागलं, की कोळशाच्या ट्रकांचा धुरळा मागं पडतो, कापसाची शेतं सुरू होतात आणि डाव्या हाताला टेंभुरगुडा लागतं. सत्तर-ऐंशी घरांचं गाव. सत्यशीला निमगडे तिथं पहिल्यांदा गेली ती २०२३ च्या जून महिन्यात. तिच्या खांद्याला लेव्हलची, उंची मोजायच्या दुर्बिणीची, पेटी होती आणि मागं तिपाई घेतलेले पत्रूभाऊ. लोकांना वाटलं, रस्ता रुंद होणार आणि कुणाचा तरी ओटा जाणार. तिनं सांगितलं, तसं काही नाही, तुमची घरं खाली बसताहेत का ते बघायला आलोय. हे ऐकून लोक आपापल्या भिंतींकडं बघायला लागले.

सत्यशीला राजुऱ्याचीच. वय तेहतीस. वडील वामनराव कोळसा खाणीत उभी हयात काढून निवृत्त झालेले, आई नव्हती. चंद्रपूरला सिव्हिलचा डिप्लोमा करून ती सर्व्हेच्या कामात पडली. साइटवर माणसं ओरडतात, ठेकेदार भांडतात; दुर्बिणीला डोळा लावला की ते सगळं लांब जातं, म्हणून तिला हे काम आवडायचं. पत्रूभाऊ मडावी पन्नाशीचे, पंचवीस वर्षं मोजणीची, आकडे लिहिलेली उंच पट्टी धरलेले. पाणसळीतला बुडबुडा न बघता ते पट्टी सरळ उभी धरत. दोघांची जोडी जमली होती, कारण दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती.

काम असं होतं. टेंभुरगुड्याच्या पश्चिमेला जमिनीखालून कोळसा काढलेला. ती खाण १९८७ साली बंद झाली. आदल्या वर्षी नाल्याकडच्या दोन घरांच्या भिंती तडकल्या, म्हणून गाव बसतंय का हे तपासायचं काम नागपूरच्या एका संस्थेला मिळालं होतं. बत्तीस घरांच्या जोत्यात बोटभर लांब स्टीलच्या खुंट्या बसवल्या. गावात एक पक्का ठोकळा केला. या ठोकळ्याची उंची कायम धरायची. दर पंधरा दिवसांनी तिथून सुरुवात करून, दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचत, एकेका खुंटीची उंची काढायची आणि फिरून परत ठोकळ्यावर यायचं. एखादी खुंटी मागच्या वेळेपेक्षा खाली सापडली, तर ते घर खाली गेलं. सगळं मिलिमीटरमध्ये. डोळ्याला त्यातलं काहीही दिसत नाही.

ठोकळ्याची जागा प्रवीण सरांनी ठरवली. ते संस्थेचे इंजिनिअर. खाणीच्या नकाशात सगळे बोगदे नाल्यापाशी संपत होते. नाल्यापासून दोनशे मीटर पूर्वेला गावदेवी मातामायचा ओटा होता, त्यावर कडुनिंब, भोवती पाच घरं. तिथं खाली काहीच नाही, म्हणून तिथं चार फूट खोल काँक्रीट ओतलं. तीन किलोमीटरवरच्या टेकडीवर, उघड्या खडकात, आणखी एक खूण कोरली होती. ठोकळा स्वतः जागचा हलला नाही ना, हे तिच्यावरून तपासायचं. पण तिकडून मोजत यायचं म्हणजे पूर्ण दिवस जायचा. सर म्हणाले, ते सहा महिन्यांतून एकदा केलं तरी चालेल.

दुपारचा डबा खायला दोघं ठमाबाईच्या छपरीत बसत. त्या पाच घरांतलं सगळ्यात जवळचं घर तिचं. ठमाबाई अठ्ठावन्न वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेजारच्या घरात दीर गुणवंतराव, पण येणंजाणं बेताचं. नवी नवरी असताना तिच्या अंगात काहीतरी शिरलं होतं, भगतानं ते उतरवलं, पण पुरतं उतरलं नाही, असं गाव मानायचं. बाया तिच्याकडं हळदीकुंकवाला येत नसत. ती बोलली तर लोक ऐकून घेत आणि उठून जात. सत्यशीलाला या गोष्टी पटत नसत, त्यामुळे ती निवांत बसायची. ठमाबाई वांग्याची भाजी द्यायची आणि समोर बसून तिच्या वहीकडं बघत राहायची.

जुलैच्या अखेरीला वहीत एक गोष्ट दिसायला लागली. घरं वर येत होती.

एखाद-दुसरं नव्हे. सत्तावीस घरं, सगळी चार-चार मिलिमीटर. सत्यशीलानं लेव्हल तपासली, पट्टी तपासली, सगळी फेरी पुन्हा केली. तेच आकडे आले. फेरी ठोकळ्यावर सुरू होऊन ठोकळ्यावरच संपायची आणि बरोबर जुळायची, म्हणजे वाचण्यात चूक नव्हती. तिनं सरांना फोन केला. ते म्हणाले, काळी माती आहे, पावसात फुगते, हलकी घरं उचलते, पुस्तकात आहे ते. तिनंही ते वाचलं होतं. तिचं समाधान झालं.

फक्त मातामायच्या ओट्याभोवतीची पाच घरं हलत नव्हती. शून्य, शून्य, एक, शून्य, एक.

बातमी गावात फुटली. पत्रूभाऊंनी कुणाला तरी सांगितलं असावं. सप्टेंबरात घरं दहा मिलिमीटर वर आली होती, आणि माणसं सकाळी उठून आपल्या उंबऱ्यापाशी बोट लावून बघायला लागली. कुणी म्हणालं मातामाय गाव उचलून राह्यली. एका म्हाताऱ्यानं दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारली आणि रोज तिच्यासमोर उभा राहायचा; ती रेघ जागच्या जागीच असायची, तरी त्याला वाटायचं, आज जरा वर आहे. गंमतीत सुरू झालेलं हळूहळू गंमतीचं राहिलं नाही. लोक घरात दबकून पाय टाकायला लागले. बाया म्हणायच्या, चुलीपुढं बसलं की खालून कोणीतरी हात लावून उचलतंय असं वाटतं. आणि मग साहजिकच सगळ्यांची नजर त्या पाच घरांवर गेली. सगळं गाव वर चाललंय आणि हीच का राहिली. ठमाबाईमुळे, असं लोक म्हणाले. तिच्यातलं जे आहे, ते धरून ठेवतंय.

सत्यशीलाला याचा राग आला. तिनं चारचौघांत, मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, की ठमाबाईचं घर या गावातलं सगळ्यात पक्कं घर आहे, शून्य म्हणजे चांगलं. त्या दिवशी डब्याला ठमाबाईनं दोन अंडी उकडून दिली, आणि जाताना हळूच म्हणाली, "पोरी, पक्कं आहे तं मंग कोंबड्या घरात काऊन बसत नाई?"

कोंबड्या खरंच बसत नव्हत्या. ऑगस्टपासून त्या छपरीत यायच्या बंद झाल्या होत्या, रस्त्यापलीकडं दुसऱ्याच्या कुडाखाली जाऊन अंडी घालत. कुत्रं अंगणाच्या कडेला येऊन थांबायचं. ठमाबाई हे सगळं एकेक करून सांगायची. पितळी गुंडातलं पाणी कुणी न हलवता थरथरतं. जात्याच्या पाळीला कान लावला की आत कोणी हळूहळू चालतंय असं ऐकू येतं. सत्यशीला मान हलवायची आणि डबा संपवायची. भिंतींना एकही तडा नव्हता. तिनं स्वतः टॉर्च लावून कोपरा न् कोपरा बघितला होता.

पावसाळा संपला. ऑक्टोबरच्या उन्हानं माती भेगाळली, धानाच्या बांध्यांत पायाचा अंगठा जाईल एवढ्या फटी पडल्या. फुगलेली माती आता बसायला हवी होती आणि तिच्याबरोबर घरं. नोव्हेंबरच्या शेवटी वहीत आकडा होता अठरा. घरं अजून वर येत होती.

सत्यशीलानं सगळे आकडे पुन्हा एकदा जुळवून बघितले. सरांना पाठवलेल्या तक्त्याला उत्तर आलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळी नऊच्या सुमाराला ठमाबाईच्या घरी पोचली. ठमाबाईनं तिचा हात धरला आणि मागच्या अंगाला विहिरीपाशी नेलं. विहीर साठ फूट खोल, कित्येक वर्षांपासून कोरडी. ठमाबाईनं पदरातून मूठभर कोंडा काढला आणि विहिरीच्या तोंडावर सोडला.

कोंडा खाली पडला नाही. तो ओढला गेला. धुरासारखा एका बाजूला वळला आणि सरळ आत शिरला, जसं कुणी श्वास घेताना ओढून घ्यावं.

"आता दम घेते," ठमाबाई म्हणाली. "तिसऱ्या पहारी सोडते."

सत्यशीलानं दिवसभर काम केलं, पण मन विहिरीपाशी होतं. साडेतीनला ती परत आली, वाकली. तोंडावर वारा आला. बाहेर पान हलत नव्हतं आणि विहिरीतून सावकाश, न थांबता, कोमट हवा वर येत होती. तिला जुन्या, बंद खोलीचा वास होता. ओल्या कोळशाचा. लहानपणी बाबा पाळीवरून आले, की त्यांच्या शर्टाला येणारा.

ती छपरीत येऊन बसली. हवेचा दाब सकाळी जास्त असतो, दुपारी उतरतो, हे तिला माहीत होतं. पण साठ फुटांच्या कोरड्या विहिरीत एवढी हवा मावत नाही. एवढी हवा आत जायला आणि बाहेर यायला खाली मोठी पोकळी लागते. आणि नकाशात इथं पोकळी नव्हती.

मग तिनं वही उघडली आणि सहा महिन्यांचे तक्ते एकाखाली एक लावले. सत्तावीस घरं, नाल्याकडची, शाळेकडची, रस्त्याकडची, दगडावरची, मातीवरची, सगळी एकाच मापानं वर. मातीनं उचलली असती तर कमी-जास्त उचलली असती. एका मापानं सत्तावीस घरं कोणी उचलत नाही. हलली होती एकच गोष्ट, जिच्यापासून सगळं मोजलं होतं ती. गाव वर येत नव्हतं. ठोकळा खाली जात होता. आणि ठोकळ्याबरोबर, ताटात ठेवलेल्या वाट्या ताटासकट खाली जाव्यात तशी, एकही तडा न जाता, ती पाच घरं जात होती.

जी हलत नव्हती, तीच बुडत होती. आणि ती त्यातल्याच एका घराच्या छपरीत मांडी घालून बसली होती.

पत्रूभाऊ म्हणतात, बाई एकदम उठल्या, डबा तसाच राहिला, आणि अंगणातून रस्त्यापर्यंत अशा चालत गेल्या की जसं खाली कोणी झोपलंय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं टेकडीवरच्या खडकापासून निघाले. परवानगी घेतली नव्हती. पन्नास-पन्नास पावलांवर तिपाई मांडायची, मागचा आकडा, पुढचा आकडा. अकराच्या सुमाराला ओट्याजवळ पोचले आणि तसेच मोजत परत गेले, खात्री म्हणून. जाता-येताचा फरक दोन मिलिमीटर निघाला. ठोकळा तेवीस मिलिमीटर खाली गेला होता. पहिल्या दोन महिन्यांत सहा, शेवटच्या दोन महिन्यांत अकरा. वेग वाढत होता.

सरांना फोन लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मेल टाक, मी गुरुवारी येतो, आपण मिळून एकदा बघू, तोवर गावात बोलू नकोस, लोक उगाच घाबरतील. तो दिवस रविवार होता. सत्यशीला म्हणाली, "सर, त्या बाईला चारचौघांत पक्कं घर म्हणून मीच सांगितलंय. ते तरी मला परत घ्यावं लागेल." सर म्हणाले, गुरुवारपर्यंत थांब. तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी घरी वामनराव भात टाकत होते. तिनं सहज विचारलं, टेंभुरगुड्याला तुम्ही कधी काम केलं का. वामनराव म्हणाले, केलं. कुठवर गेले होते बोगदे? नकाशात आहे तिथवर, ते म्हणाले. मग तिनं ठोकळ्याचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, त्या वासाचं सांगितलं. वामनरावांनी गॅस बंद केला. ते तिच्याकडं वळले नाहीत. सहा महिने ही पोरगी त्या गावाला जाते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी एकदाही तिला काय सापडलं म्हणून विचारलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

ते पाठमोरेच बोलले. नाल्यापाशी कोळसा संपला, असं कागदावर लिहिलं. पण तो संपला नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत वरचे साहेब म्हणाले, पुढं चला, आणि बारा जणांची एक टोळी नाल्याच्या पुढं गेली. टेकू लावायचा, कोळसा काढायचा, टेकू पुढं हलवायचा. नंतर पोकळीत वाळू भरायची होती, ती कधीच भरली नाही. नकाशा काढायला कोणी आलं नाही. बारातले आता दोघंच जिवंत होते, ते आणि बल्लारपूरला मुलाकडं अंथरुणाला खिळलेला एक. पुढं नोकरी होती, मग पेन्शन होतं, आणि मग इतकी वर्षं झाली होती, की आपण ते केलं होतं यावर त्यांचाच विश्वास बसेनासा झाला होता.

"किती खाली होते तुम्ही?" तिनं विचारलं.

"वरचं आयकू येत होतं," वामनराव म्हणाले. "चहाच्या सुट्टीत सारं बंद झालं की मुसळाचा आवाज यायचा. कोनी बाई धान कांडत होती, बरोब्बर डोक्यावर."

सोमवारी सकाळी ती त्यांना घेऊन गावात गेली. कुठं नेतेय हे सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही विचारलं नाही. पांढरा सदरा घालून, जयभीमची निळी टोपी घडी करून खिशात ठेवून ते मुकाट्यानं पत्रूभाऊंच्या मागं गाडीवर बसले.

ओट्यापासून लांब, शाळेच्या पटांगणात, पाच घरांची माणसं जमवली. सत्यशीला आधी बोलली. मी चुकले, असं म्हणाली. सहा महिने मी तुम्हाला उलटं सांगत होते. लोकांनी तोंडाकडं बघितलं. गुणवंतराव म्हणाले, परवापर्यंत पक्कं म्हणत होत्या, आता बुडते म्हणता, पुढच्या महिन्यात काय म्हणाल, आम्ही काय तुमच्या वहीवर घर सोडायचं. त्यांचं चुकत नव्हतं. तिच्याजवळ वहीशिवाय दाखवायला काही नव्हतं. भिंती धडधाकट होत्या, फरशी सपाट होती, डिसेंबरचं ऊन पडलं होतं.

तेव्हा वामनराव उभे राहिले. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि मी तुमच्या घराखालचा कोळसा काढला म्हणाले. जे काल पाठमोरं सांगितलं होतं, ते आज लोकांकडं बघत सांगितलं. मुसळाचंही सांगितलं.

बायांच्या मागं बसलेली ठमाबाई पुढं आली. तिचा आवाज इतका बारीक होता, की लोकांना कान द्यावा लागला.

"ते माहं मुसळ होतं," ती म्हणाली. "तुमी खालून ठोकलं होतं का?"

वामनराव म्हणाले, "हाव. दोन-तीनदा. गंमत म्हनून. तुमच्या तालावर, लोखंडी सब्बलीनं."

वीस वर्षांची असताना ठमाबाईनं सासूला सांगितलं होतं, की मी मुसळ मारलं की जमिनीखालून कोणीतरी उत्तर देतं. तीनदा मारलं तर तीनदा. सासूनं भगत बोलावला. मिरच्यांची धुरी दिली, चार दिवस उपाशी ठेवलं, केस कापले. तिला धरून ठेवणाऱ्यांत गुणवंतराव होते, तेव्हा पंचविशीचे. ठमाबाईनं शेवटी कबूल केलं होतं, की नाही, काही ऐकू येत नाही. पण गावानं ते खरं धरलं नव्हतं.

"मले आयकू येत होतं," ती म्हणाली. एवढंच. कुणाकडं बघून म्हणाली नाही.

वामनरावांनी हात जोडले. ती त्यांच्याकडं बघत होती की त्यांच्या पलीकडं, हे सत्यशीलाला कळलं नाही. मग ठमाबाई वळली आणि घराकडं सामान बांधायला गेली. तिच्यामागं बाकीचे उठले. संध्याकाळपर्यंत पाचही घरं रिकामी झाली. माणसं शाळेच्या खोल्यांत, जनावरं रस्त्यापलीकडं. ठमाबाईचं जातं गुणवंतरावांनी स्वतः उचलून ट्रॅक्टरवर ठेवलं. पाळ जड होती, तरी मदतीला आलेल्या दोघांना त्यांनी हात लावू दिला नाही.

निघण्याआधी सत्यशीलानं पत्रूभाऊंच्या मदतीनं ठोकळ्यावर पट्टी उभी केली आणि तीन बांबूंना बांधून टाकली. आता तिथं माणूस उभा करायचा नव्हता. लेव्हल तिनं शाळेच्या पायरीपाशी, साठ मीटर लांब, मांडली. मंगळवारी पट्टी एक मिलिमीटर बुडाली. बुधवारी चार.

गुरुवारी प्रवीण सर आले. अकरा वाजले होते. त्यांनी वही चाळली, कपाळाला आठ्या घातल्या, मग दुर्बिणीतून एकदा बघितलं आणि म्हणाले, बांबू ढिले झाले असतील, पट्टीच सरकत असेल, मी ठोकळा जवळून बघून येतो. ते ओट्याकडं चालू लागले. सत्यशीलानं डोळा लावला.

भिंगातली आडवी तार पट्टीच्या १.३४८ मीटरवर होती. ती बघत असताना १.३४९ झाली.

तिला वाटलं, आपला हात लागला. बुडबुडा बघितला, मध्यभागी, स्थिर. पुन्हा डोळा लावला. १.३५२. आकडे चालायला लागले होते. घड्याळाच्या काट्यासारखे, घाई न करता. भोवती काहीही हलत नव्हतं. कडुनिंबाचं पान नाही, रिकाम्या घरांची दारं नाहीत. फक्त तिच्या गोल भिंगात लाल-काळे आकडे एकामागून एक तारेखाली उतरत होते.

"सर, परत या," ती म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता, की ते थांबले आणि मागं वळून बघितलं. तिनं डोळा काढला नाही. पुन्हा तेच म्हणाली, तशाच आवाजात. सर परत फिरले. आधी चालत, मग तिच्या शेजारी उभ्या पत्रूभाऊंचं तोंड बघून धावत.

१.४. १.६. दोन मीटर. अडीच. पट्टी जराही न कलता, उभीच्या उभी खाली चालली होती, जसं कोणी खालून धरून सावकाश ओढतंय. मग तिचं वरचं टोक भिंगातून उतरून गेलं आणि भिंगात फक्त पलीकडचं आभाळ उरलं.

तिनं मान वर केली तेव्हा पाचपैकी तीन घरांची कौलं जमिनीच्या पातळीला होती. आवाज नव्हता. आवाज नंतर आला, जमिनीच्या पोटातला, आणि त्याच्यासोबत कडुनिंब आपल्या जागी गोल फिरला आणि गेला. मग धुरळा. मग त्या खड्ड्यातून एक लांब, कोमट श्वास आला आणि शाळेच्या पायरीपर्यंत पोचला. लेकरांनी नाकाला हात लावले. वामनराव तिथं नव्हते. असते तर त्यांना तो वास सांगावा लागला नसता.

कोणीही दगावलं नाही. एक शेळी दावं तोडून परत गेली होती, तेवढी सापडली नाही.

पुढं चौकशी लागली. कंपनीकडून सांगण्यात आलं, की इतक्या जुन्या कामाचे कागद उपलब्ध नाहीत. वामनरावांनी तहसीलमध्ये जाऊन चार पानांचा जबाब दिला आणि प्रत्येक पानावर सही केली. बल्लारपूरच्या सोबत्याचा अंगठाही तेच घेऊन आले. राजुऱ्यातल्या काही जुन्या माणसांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते सकाळी फिरायला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. सत्यशीलानं आपल्या अहवालात एक परिच्छेद स्वतःविषयी लिहिला, की सहा महिने आपण ठोकळ्याची उंची तपासली नाही. प्रवीण सरांनी तो काढायला सांगितला, कारण त्यात त्यांचंही नाव येत होतं. तिनं काढला नाही. मार्चमध्ये संस्थेनं तिचा करार वाढवला नाही. मग दीड महिन्यानं गडचिरोलीला इमारतींचं तसंच काम मिळालं. एसटीनं जाते, आठवड्याला येते. पत्रूभाऊही गेले तिच्याबरोबर.

टेंभुरगुड्याच्या, ती पाच आणि आसपासची एकवीस, अशा सव्वीस घरांना रस्त्याच्या पलीकडं जागा मिळाली. अजून काहींचे पत्रे बाकी आहेत. ठमाबाईचं घर झालं. हळदीकुंकवाला बाया येतात, पण ती म्हणते, आता मलेच सुचत नाई का बोलावं तं. चाळीस वर्षं तिनं कुणाशी लांबलचक बोलणं केलं नव्हतं. गुणवंतराव पाणी भरून देतात. मातामायचा नवा ओटा कुठं करायचा यावर गावात अजून एकमत नाही.

वामनराव एकदा ठमाबाईकडं गेले होते. एकटेच, बसनं. काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. पण त्यांनी परत येताना एक पिशवीभर हातसडीचे तांदूळ आणले होते, आणि सत्यशीला घरी आली त्या रविवारी त्यांनी त्याचाच भात टाकला.